ओट्यावरचा दुसरा कप
शॉर्ट फिल्मच्या पोस्टरवर एक निवेदन

(पडद्यावर : स्वयंपाकघराचा ओटा. गॅसशेजारी चहाचे दोन कप.)

धरून चालू की फिल्ममधली बाई एकटी राहते. घरी कुणी येणार नाही, दाराला आतून कडी आहे. आणि ओट्यावर कप दोन, दोन्हीतून वाफ निघतेय. पोस्टरवर एवढंच ठेवलं तरी बघणारा थांबतो, कारण त्याला प्रश्न पडतो की दुसरा चहा कुणाचा, तिनेच ठेवला आणि विसरली का, की खरंच कुणीतरी आहे घरात. सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये पात्राच्या डोक्यात जी शंका असते तीच आपल्याला बघणाऱ्याच्या डोक्यात सोडायचीय.

फुटलेल्या आरशातला चेहरा कृपया नको. तो इतक्या पोस्टरवर येऊन गेलाय की दिसला रे दिसला की माणूस म्हणतो, हां, डबल पर्सनॅलिटी, आणि पुढे स्क्रोल करतो. बरं, फिल्म असते बारा-पंधरा मिनिटांची, त्यात एकच वळण, ते पोस्टरवरच फोडलं तर मग दाखवायचं काय?

(पडद्यावर : नारिंगी रंगावर पांढरी चक्राकार रेषा.)

ग्राफिक डिझायनर सॉल बास यांनी दिग्दर्शक हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ या फिल्मसाठी 1958 साली केलेलं पोस्टर आठवा. सपाट नारिंगी-लाल रंग, मधे गरगरणारी पांढरी रेषा, तिच्या पोटात काळ्या रंगाने भरलेली एक पुरुषाची आकृती आणि एक बाई जिची नुसती बाह्यरेषा आहे. पुरुष भरीव आणि बाई पोकळ, सगळी गोष्ट तिथे आहे पण फिल्म बघेपर्यंत ती कळत नाही, मला हे फार मोठं काम वाटतं. त्या फिल्मच्या टायटलमधल्या गरगरत्या आकृत्या ॲनिमेटर जॉन व्हिटनी यांनी काढल्या, त्यासाठी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातलं विमानविरोधी तोफांचा नेम धरणारं यंत्र वापरलं होतं. एका माणसाच्या चक्कर येण्याला आकार द्यायला एवढा खटाटोप!

आता आपल्याकडची नेहमीची अडचण. शूट संपतं, एडिट होतं, आणि मग कुणाला तरी पोस्टर आठवतं. स्टिल, म्हणजे सेटवरचे वेगळे फोटो, काढलेलेच नसतात, मग व्हिडिओतली फ्रेम उचलायची. फोरके (4K) व्हिडिओच्या आडव्या फ्रेमची उंची 2160 पिक्सेल, तिच्यातून उभा तुकडा कापून A3 आकाराच्या कागदावर ताणला तर इंचाला 130 च्या आसपास पिक्सेल उरतात, आणि छपाईला आपण 300 धरतो. शिवाय सेकंदाला 25 फ्रेमवर शूट करताना शटर साधारण 1/50 सेकंद उघडं ठेवतात, त्यामुळे हात हलला की तो फराटलेला. म्हणून सेटवर लाईट लागलेला असतानाच दहा मिनिटं मागून घ्या, कॅमेरा उभा धरा आणि वर नावासाठी मोकळी भिंत सोडा.

(पडद्यावर : ‘सावली’ हा शब्द, हाताने काढलेला.)

नावावर तर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. समजा नाव ‘सावली’ आहे. सगळी अक्षरं थरथरती, ओघळती केली की ते भुताचं पोस्टर होतं. त्यापेक्षा अक्षरं साधी, ठाम ठेवा आणि शिरोरेषा फक्त एका जागी तोडा, ‘व’ आणि ‘ली’च्या मधे. डोळा ती रेघ आपोआप जोडून पुढे जातो, आणि मग अडखळून परत येतो. फट किती ठेवायची हे मोबाईलवर बारीक करून बघा, कारण फेस्टिव्हलच्या यादीत पोस्टर अंगठ्याएवढंच दिसणार आहे, तिथे फट बुजली तर मेहनत वाया. आणि ‘ल’ तपासा! बऱ्याच फॉन्टमध्ये तो हिंदी वळणाचा येतो, काहींत मराठी ‘ल’ आत दिलेला असतो पण तो निवडावा लागतो, नाहीतर सरळ हाताने काढा. मराठी फिल्मच्या नावात परका ‘ल’ मला खरंच खुपतो.

राहिला काळा रंग. स्क्रीनवर अंधारातसुद्धा दाराची चौकट दिसते, कपाची कड दिसते, छापून आलं की शाई पसरते आणि ते सगळं एका काळ्या ठोकळ्यात जातं. आपल्या पोस्टरवर दुसरा कप अर्धवट अंधारात आहे, तोच गेला तर उरला साध्या चहाचा फोटो. त्यामुळे सावल्या स्क्रीनवर वाटतात त्यापेक्षा थोड्या उजळ ठेवायच्या. कागद मॅट मागा, ग्लॉसीवर हॉलबाहेरच्या ट्यूबलाईटचा पट्टा उमटतो. सगळ्या प्रती छापायच्या आधी एक प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून ते जिथे लागणार त्या भिंतीवर धरा, आणि फिल्म न पाहिलेल्या कुणाला तरी विचारा की कप किती दिसतायत.