सतरा वर्षांची सावित्री

(नायगाव. सकाळ. घराचं दार उघडतं.)

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातलं हे नायगाव, आणि हे खंडोजी नेवसे पाटलांचं घर. जाड भिंती, आत अंधारलेलं माजघर, कोपऱ्यात जातं. ३ जानेवारी १८३१ ला सावित्री इथं जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली. नवरा तेरा वर्षांचा, जोतिबा.

गावातला हा पुतळा पाहा. डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, चेहरा प्रौढ. आपल्या मनात हीच सावित्रीमाई आहे. म्हणूनच आम्हाला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, की पुण्यात शिकवायला उभी राहिली तेव्हा ही बाई सतरा वर्षांची होती. आज अकरावी-बारावीत बसणाऱ्या मुलीएवढी.

(गंज पेठ. फुले वाडा. विहीर, तुळशी वृंदावन.)

जोतिरावांनी बायकोला घरीच शिकवलं, अशी त्या काळची नोंद आहे. तिच्यासोबत पाटी घेऊन सगुणाबाई क्षीरसागर बसल्या. जोतिरावांना लहानपणी सांभाळलं ते यांनीच. पुढचे धडे जोतिरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी दिले. घरातली कामं उरकायची, मग अक्षरं गिरवायची. बाईनं पुस्तक हातात धरलं तर घरावर संकट येतं, असं मानणाऱ्या शहरात ही मुलगी स्वतः शिकली आणि लगेच दुसऱ्यांना शिकवायला निघाली.

(बुधवार पेठ. भिडे वाडा.)

तात्यासाहेब भिड्यांचा हा वाडा, दगडूशेठ गणपतीच्या समोरचा. काळवंडलेले लाकडी खांब, खाली दुकानं. आमचं हे चित्रण जुनं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला. १८४८ साली इथं मुलींची शाळा भरली. मुली मोजक्या.

गंज पेठेतून इथवर यायचं ते अशाच गल्ल्यांतून. वाटेत शेण, चिखल, खडे अंगावर यायचे. नेसतं लुगडं खराब व्हायचं, म्हणून शाळेत बदलायला दुसरं जवळ असायचं. सोबत चालणाऱ्या बळवंत सखाराम कोल्हे यांनी हे आठवणींत सांगितलं आहे. मारणाऱ्यांना ती म्हणे, तुमचे खडे मला फुलांसारखेच वाटतात.

समाजाच्या दडपणाखाली १८४९ मध्ये सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढलं. जोतिरावांचे मित्र उस्मान शेख यांनी घर दिलं. शाळा काही महिन्यांतच बंद पडली होती.

(जुन्या वाड्याचा जिना. मुलींचा गलका.)

३ जुलै १८५१. चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा पुन्हा उघडली. पहिल्या दिवशी मुली आठ. वाढत वाढत अठ्ठेचाळीस झाल्या. मग रास्ता पेठेत, मग वेताळ पेठेत आणखी शाळा. १६ नोव्हेंबर १८५२ ला या विश्रामबाग वाड्यात जोतिरावांचा सरकारी सत्कार झाला, दोनशे रुपयांची शाल देऊन. तेव्हा सावित्री एकवीस वर्षांची होती. नायगावहून १८५६ साली तिनं जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात शाळेचीच, सोबत शिकवणाऱ्या फातिमा शेखची काळजी आहे: फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज, प्लेगच्या साथीत सेवा करताना १० मार्च १८९७ ला आलेला मृत्यू, हे सगळं पुढचं.

(‘ज्ञानोदय’चं पान. कॅमेरा ओळींवरून हळूहळू सरकतो.)

हे १८५५ सालचं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक. लेख मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता, वय चौदा, याच शाळांत तीन वर्षं शिकलेली मांग समाजाची मुलगी. ती लिहिते, आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं. पावसात, थंडीत त्यांचे काय हाल होत असतील.

(ओळ पडद्यावर राहते. आवाज नाही.)