कर्क्युमिन पेशीपर्यंत पोचतं का?

हळदीने दाह कमी होतो का, असं मला कुणी विचारलं की मी हो-नाही सांगत नाही. मी उलट विचारतो, कुठे? काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींत की माणसाच्या शरीरात? आणि शरीरात म्हणत असाल, तर नेमकं कोणत्या भागात?

हळदीच्या पुडीत वजनाच्या साधारण 3 टक्के कर्क्युमिन असतं. पिवळा रंग मुख्यतः त्याचाच. 1815 मध्ये ते वेगळं काढलं गेलं आणि रेणूची रचना कळायला 1910 उजाडलं. इतिहास एवढा पुरे.

आता दाहाकडे येऊ. मॅक्रोफेज ही आपल्या ऊतींमध्ये पहारा देणारी पेशी. जिवाणूच्या आवरणाचा एखादा तुकडा तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटला की आत धावपळ सुरू होते. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने केंद्रकाबाहेर अडकवून ठेवलेलं असतं. इशारा मिळताच आयकेके हे एन्झाइम त्या अडकवणाऱ्या प्रथिनावर खूण करतं, पेशी त्याची विल्हेवाट लावते आणि सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं. तिथे ते टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 आणि कॉक्स-2 या दाह पेटवणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. त्यातून मग लाली, सूज, ठणका, ताप. एनएफ-कप्पा-बी रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर या संशोधकांनी 1986 मध्ये शोधलं; ही यंत्रणा पुढे हळूहळू उलगडली. पुढे 1995 मध्ये असं दिसलं, की ताटलीतल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं तर त्या अडकवणाऱ्या प्रथिनाची विल्हेवाटच लागत नाही आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात पोचत नाही. त्यानंतर याच दिशेने हजारो निबंध निघाले. टी-पेशी या प्रतिकार पेशींची वाढ मंदावते, मॅक्रोफेजमधून टीएनएफ कमी बाहेर पडतं, असं एकामागून एक.

मला हे सगळं खोटं वाटत नाही, पण यातल्या बऱ्याच निष्कर्षांकडे मी जरा संशयाने बघतो. कर्क्युमिन हा चाचण्यांना चकवणारा रेणू आहे. तो स्वतः चमकतो, त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचणीत गोंधळ घालतो. शिवाय दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो. शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्या आम्लतेच्या साध्या द्रावणात ठेवला तर अर्ध्या तासात त्याचा जवळपास 90 टक्के भाग मोडून जातो. मग पेशीवर परिणाम कर्क्युमिनने केला की त्याच्या तुकड्यांनी? फार थोड्या लोकांनी हे तपासलं.

त्याहून मोठी अडचण मात्रेची. ताटलीत 10 मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन सर्रास वापरतात. माणसाने काही ग्रॅम गिळलं तरी बहुतेक अभ्यासांत रक्तातलं मोकळं कर्क्युमिन नॅनोमोलरच्या, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागाच्या, घरातच राहतं. आतड्याचं अस्तर आणि यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून लगेच बाहेरची वाट दाखवतात. म्हणजे सांध्यातल्या मॅक्रोफेजला ते भेटणार तरी कसं?

कॅनडात 606 रुग्णांवर एक चाचणी झाली. पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या आगेमागे कर्क्युमिन तोंडाने दिलं, प्रत्येक वेळी 2 ग्रॅम. 2018 मध्ये निकाल आला. दाहाची रक्तातली चिन्हं कमी झाली नाहीत. उलट मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण प्लासिबोच्या (औषध नसलेल्या बनावट गोळीच्या) गटात 10 टक्के होतं, ते कर्क्युमिनच्या गटात 17 टक्के निघालं.

पण आतड्यात चित्र वेगळं आहे. तिथे शोषून घेण्याचा प्रश्नच येत नाही. गिळलेलं बरंचसं कर्क्युमिन तिथूनच जातं आणि प्रतिकार पेशींची प्रचंड फौजही तिथेच बसलेली असते. जपानमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) आटोक्यात असलेल्या 89 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधासोबत सहा महिने रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं. 2006 मधल्या त्या निकालात आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के होतं, प्लासिबोत 20 टक्क्यांच्या वर. 2015 मधल्या दुसऱ्या चाचणीत 50 रुग्ण होते, मात्रा रोज 3 ग्रॅम. कर्क्युमिनच्या गटात निम्म्याहून जास्त जणांची लक्षणं थांबली, प्लासिबोत एकाचीही नाही. रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं तेव्हा मात्र फरक पडला नाही. या चाचण्या लहान आहेत हे मान्य. तरी माझा कौल आतड्याच्या बाजूने आहे, कारण तिथे रेणू आणि पेशी खरोखर समोरासमोर येतात.

आता कर्क्युमिनमध्ये मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलबद्दल. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीला तिखटपणा देणारा घटक, दिलं तर रक्तातली उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढते. आकडा डोळे दिपवतो, पण ही वाढ मुळातल्या नगण्य प्रमाणावरची आहे. शिवाय पायपरीन यकृताचं विल्हेवाटीचं कामच अडवतं, आणि ते फक्त कर्क्युमिनपुरतं नाही, तुमच्या इतर औषधांचंही. अमेरिकेत औषधजन्य यकृतइजेच्या नोंदींतून 2022 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या-कॅप्सूलशी जोडलेले 10 रुग्ण समोर आले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपरीन होतं, आणि दहापैकी सात रुग्णांत एचएलए-बी*35:01 हा प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकप्रकार आढळला. म्हणजे इथेही प्रतिकार पेशींवर परिणाम झाला असावा, फक्त नको त्या दिशेने. तेव्हा अशी कॅप्सूल घेत असताना डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर ती बंद करा, डॉक्टरांना कॅप्सूलचं नाव सांगा आणि यकृताची तपासणी करून घ्या.