हेडफोनमधला चेलो

श्रोतेहो, नमस्कार.

चेलो हे खुर्चीवर बसून, गुडघ्यांच्या आधाराने गजाने वाजवायचे वाद्य आहे. त्याच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावतात आणि त्यांतली सर्वांत खालची सेकंदाला सुमारे ६५ कंपने करते. भिंत वरचे स्वर बऱ्यापैकी अडवते, खर्ज मात्र तिला फारसा जुमानत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना संसार असतात आणि रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार दुपारी झोपलेला असतो, तिथे एकच स्वर तासभर घोटणे शेजारधर्मात बसत नाही. मागांच्या खडखडाटात ज्याला झोप लागते, त्यालाही चेलोचा बेसूर पंचम जागा करू शकतो.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रिक चेलो. त्याला नाद घुमवणारी पोकळ पेटी नसते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ बसवलेला पिझो पिकअप तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलतो, त्यामुळे खोलीत तारेचा बारीक आवाज तेवढा उरतो आणि भरदार नाद वादकाच्या हेडफोनमध्ये उमटतो. तारांची लांबी नेहमीच्या चेलोएवढीच, म्हणजे साधारण ६९ सेंटिमीटर असल्याने डाव्या हाताचा रियाज वाया जात नाही. मात्र छाती आणि गुडघे टेकायला चौकट असलेलेच वाद्य घ्यावे.

उजव्या हाताच्या बाबतीत हे वाद्य फसवे आहे. चेलोचा आवाज गजाचा वेग, त्याचा भार आणि घोडीपासूनचे अंतर यांतून घडतो. इथे बटण फिरवले की तो वाढतो, आणि कृत्रिम घुमारा चालू असेल तर खरखरीत गजही गोड वाटतो. म्हणून माझ्या मते रियाजाच्या वेळी घुमारा पूर्ण बंद ठेवावा आणि जमेल तेव्हा पोकळ चेलोवरही हात फिरवावा, कारण काही स्वरांवर पेटी उलटून गुरगुरते, ती सांभाळण्याची कला भरीव वाद्यावर शिकता येत नाही.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पोकळ चेलोचे सांधे उकलण्याची धास्ती असते; भरीव अंगाला ती कमी. पिझोचा संकेत थेट मिक्सरला दिल्यास आवाज पातळ आणि कर्कश येतो, तेव्हा मध्ये प्रीअँप, म्हणजे संकेत मिक्सरला साजेसा करणारे छोटे उपकरण, जोडावा. वाद्याची खालची टोकदार दांडी शहाबादी फरशीवर घसरते, शिवाय कंपने खालच्या मजल्यापर्यंत पोहोचवते. तिच्याखाली रबरी चकती आणि चकतीखाली चौघडी केलेली जुनी सोलापुरी चादर घालावी. वाद्य बरेच दिवस वाजवायचे नसेल, तर बॅटरी काढून ठेवावी. ती गळली, तर आतले सर्किट खराब होते.