नाही म्हणायला शिकवणारं वाक्य

मंडळी, नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी शेडमध्ये मालकाच्या खुर्चीमागे एक फ्रेम असते: ‘दर्जा, विश्वास, ग्राहकसमाधान’. त्यात वाईट काही नाही. पण तीच फ्रेम शेजारच्या बेकरीत टांगली तरी शोभते, तिथेच तिचं काम संपलं. धंद्याचं उद्दिष्ट सांगणाऱ्या वाक्यावरून एवढं तरी कळावं, की दारात आलेलं कुठलं काम घ्यायचं नाही.

हे वाक्य सुचत नाही, बिलबुकातून काढावं लागतं. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा. प्रत्येकापुढे लिहा: गिऱ्हाईक कोण, तास किती लागले, पैसे किती दिवसांनी आले, माल परत आला का. पैशांचे दिवस खरे लिहा. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नसेल तर १५. वहीत मात्र ९० आले असतील तर ९०च.

आता फॅब्रिकेशनचं एक शेड धरू. गेट, ग्रिल, रॅक, इलेक्ट्रिक पॅनलचे डबे, मिळेल ते काम. एक ना धड भाराभर चिंध्या. समजा गेटचं बिल १८,०००, माल आणि रंग ११,०००, तास ३५. तासाला सुटले २००. पॅनलच्या डब्याचं बिल १४,०००, माल आणि कोटिंग ८,०००, तास १५, तासाला ४००. नुसती बिलाची रक्कम पाहणाऱ्याला गेटच मोठं वाटतं, आणि फसगत इथेच होते.

मग वाक्य असं होतं: ‘नाशिक-सिन्नरच्या पॅनलवाल्यांना १ ते १० नगांचे डबे, ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून कामाच्या ७ दिवसांत.’ कोणाला, काय, किती आणि कधी, सगळं आलं. मोठे कारखाने दोन-चार नगांसाठी लाइन थांबवायला नाखूश असतात, म्हणून ही जागा मोकळी.

पण सात दिवस लिहिले की ते पाळायची तजवीज लागते. १.६ आणि २ मिमीचा सीआरसीए (थंड रोलिंग केलेला पोलादी) पत्रा कायम शिल्लक हवा. कोटिंगची पावडर आरएएल ७०३२ आणि ७०३५ (रंगांचे ठरलेले नंबर) या दोनच करड्या रंगांची. तिसरा रंग आला की कोटिंगचा बूथ पुन्हा साफ करा, नाहीतर आधीच्या रंगाचे ठिपके नव्या डब्यावर उमटतात. कोटेशनच्या फॉर्मवर दरवाजा डावीकडे उघडणार की उजवीकडे, हा रकाना ठेवाच. तो विचारायचा राहतो, बिजागऱ्या उलट्या बाजूला लागतात, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा कोटिंग. तीन दिवस तिथेच गेले. गेटच्या ग्राइंडिंगची धूळ कोटिंगवर बसते, हे वेगळंच.

दुकानदारांनाही हेच लागू. नाशिकच्या २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पंचवटीतल्या फरसाणवाल्याकडे रांग लागेल. पण भाविक गेल्यावर रोजचं गिऱ्हाईक कोण, ते वाक्यात आधी लिहा. भाड्याची जागा आणि नवी कढई त्या हिशेबाने घ्या.

नाकारलेल्या कामांची एक वही ठेवा. वेळेवर पैसे देणाऱ्यांकडून आलेलं एकाच जातीचं काम सहा महिन्यांत पाच-सहा वेळा नाकारावं लागलं असेल, तर वाक्य बदलायचा विचार करा. एका मोठ्या ऑर्डरपायी बदलू नका. आणि ते वाक्य खुर्चीमागे नको; जिथे बसून कोटेशन लिहिता, त्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.