भांडी घासायच्या हातमोज्यातलं वाद्य

भांडी घासताना घालतात ते रबरी हातमोजे. आपली गोष्ट तिथून सुरू होते.

1991. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा कला आणि तंत्रज्ञानाचा महोत्सव भरला होता. त्यासाठी संगीतकार लेटिशिया सोनामींनी असे मोजे घेतले, पाच बोटांच्या टोकांना चुंबकाची चाहूल लागणारे सेन्सर चिकटवले आणि उजव्या हातावर लोहचुंबक बसवला. चुंबक बोटाजवळ आला की व्होल्टेज बदले, आणि त्याबरोबर आवाज. त्या काळात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीची जडशीळ, मर्दानी उपकरणं मिरवली जात होती. त्या उपकरणांची ही थोडी थट्टाच. नावही तसंच ठेवलं: ‘लेडीज ग्लव्ह’.

थट्टेच्या मुळाशी मात्र खरी अडचण होती. 1983 मध्ये ‘मिडी’ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची सामाईक भाषा आली आणि सिंथेसायझर, संगणक एकमेकांशी बोलू लागले. काय बोलत? पट्टी कधी दाबली, केवढ्या जोरात (0 ते 127), कधी सोडली. पण सारंगीवाल्याचं खरं काम तर सूर लागल्यानंतर सुरू होतं! तबलजी डग्ग्यावर थाप देऊन थांबत नाही, मनगट रेटून तो घुमारा वळवतो. मिडीत सूर खेचायला चाक होतं, पण एका चॅनेलवरचे सगळे सूर एकदमच खेचले जात. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, निघत नाही, ही तक्रार आपल्याला नवी नाही. रेडिओने 1940 मध्ये पेटी बंद केली ती 1971 पर्यंत; त्यामागच्या कारणांत हेही एक.

अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘स्टाइम’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत संगीतकार मिशेल वाइसविस याच अडचणीशी झगडत होते. 1984 मध्ये ते ‘द हँड्स’ घेऊन मंचावर आले. दोन्ही हातांत अडकवलेल्या चौकटी. बोटांखाली बटणं. हात कलला की पाऱ्याच्या स्विचला कळे, आणि दोन हातांमधलं अंतर अल्ट्रासाउंडने मोजलं जाई. हात फाकले, जवळ आले, थरथरले, की समोर बसलेल्याला ते दिसे आणि ऐकूही येई.

यातली मेख अशी, की इथे हालचाल आणि आवाज यांचं जन्माचं नातं नसतं. तार ताणली की सूर चढणारच. इथे मात्र हात उचलल्यावर काय व्हावं, हे वादक स्वतः ठरवतो. उद्या बदलूही शकतो. हे स्वातंत्र्य फसवं आहे. रोज जोडण्या बदलणाऱ्याचा हात बसणार कधी? वाइसविस यांनी हे ओळखलं. वाद्यात सुधारणा करत राहणं त्यांनी ठरवून थांबवलं आणि आहे तेच वाजवत राहिले. आपल्याकडे याला रियाज म्हणतात.

सोनामींचा हातमोजाही पुढे याच ‘स्टाइम’मध्ये पोचला. 1994 मध्ये बर्ट बाँगर्स यांच्यासोबत तो नव्याने घडला: रबराऐवजी लायक्रा, बोटांचं वाकणं टिपणारे सेन्सर, कापडावरून धावणाऱ्या तारा. हाच मोजा घालून त्या पुढे वर्षानुवर्षं जगभर वाजवत राहिल्या.

आणि मग त्यांनी तो उतरवून ठेवला. आता त्यांच्यापुढे असतात पातळ स्प्रिंगा, त्यांना जोडलेले, थरथर टिपणारे पिकअप. त्या स्प्रिंगांना घासतात, छेडतात. मशीन लर्निंगने शिकवलेला संगणक ती थरथर वाचतो आणि आवाज घडवतो. स्प्रिंगांचा स्वतःचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही.