गाडीने उडवलं, सायकलवाल्याने धडक दिली

श्रोतेहो, नमस्कार.

बारा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे पावणेसात वाजले होते. सदाशिव पेठेत, नागनाथ पाराच्या अलीकडच्या एका रस्त्याने मी सायकलवरून येत होतो. येत होतो म्हणजे नो एंट्रीतून येत होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही उगाच माझी बाजू घ्याल. सायकल तर आहे, सकाळची वेळ आहे, कोण बघतंय, हा आमचा पिढीजात हिशेब. कडेला एक टेम्पो उभा होता. त्याच्या मागून एक गृहस्थ रस्त्यात उतरले. एका हातात दुधाच्या दोन पिशव्या, दुसऱ्या हातात छत्री. त्यांनी गाड्या यायच्या बाजूला पाहिलं, रस्ता मोकळा होता, त्यांनी पाऊल टाकलं. मी दुसऱ्या बाजूने आलो.

माझं हँडल त्यांच्या बरगडीला लागलं. फार जोरात नाही. एसटीत चढताना याहून जोराचा धक्का बसतो. पण ते मागे झुकले, सावरायला हात टेकला आणि त्या हातावरच बसले. एक पिशवी फुटली. दुधाची धार रस्त्याच्या उतारावरून गटाराकडे निघाली. आधी मी त्या धारेकडेच बघत होतो, हे मला अजून आठवतं.

मग माणसं जमली. समोरच्या चहाच्या दुकानातून चार, दुधाच्या रांगेतून तीन. एकाने माझं हँडल धरलं, जणू मी पळूनच जाणार होतो. "या सायकलवाल्यांना ना लायसन, ना नंबर, ना कायदा," असं कुणीतरी म्हणालं. खाली बसल्या बसल्या काका मला म्हणाले, "अहो, घंटी नाही का तुमच्या सायकलला?" घंटी होती. पण घंटी वाजवायची की ब्रेक दाबायचा, यात बोटांनी ब्रेक निवडला होता.

हे चालू असताना त्याच नो एंट्रीतून, माझ्याच दिशेने, एक स्कूटर आली. तिने हॉर्न दिला. गर्दीने वाट करून दिली. माझं हँडल धरलेल्या माणसानेही, हँडल न सोडता, अंग चोरून तिला जाऊ दिलं. पाठोपाठ आणखी एक गेली. कुणी काही म्हणालं नाही.

श्रोतेहो, मला आज बोलायचंय ते त्या स्कूटरला मिळालेल्या वाटेबद्दल.

आपली भाषाच बघा. माणूस मोटारीखाली आला की आपण म्हणतो, "गाडीने उडवलं." ट्रकने चिरडलं, डंपरने ठोकरलं, बस अंगावर आली. वर्तमानपत्रात तर एक फार मोठं पात्र आहे, त्याचं नाव 'अज्ञात वाहन'. अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार. हे वाहन कुणी चालवत होतं की आपलं आपणच हिंडत होतं, असा प्रश्न वाचताना पडत नाही. आता सायकलचं वाक्य करून बघा. "सायकलने उडवलं" असं सहसा तोंडात येत नाही. आपण म्हणतो, "एक सायकलवाला अंगावर आला." इथे कर्ता माणूस असतो. त्याला तोंड असतं, शर्टाचा रंग असतो, त्याचं हँडल धरता येतं. 'अज्ञात सायकल' कधी वाचलीत तुम्ही?

म्हणून सायकलचा धक्का आपल्याला माणसाने केलेला अपमान वाटतो आणि मोटारीचा धक्का पावसासारखा, वरून आलेला. अपमान वर्षानुवर्षं लक्षात राहतो. पावसाची तक्रार कुणाकडे करायची?

थोडं शाळेतलं पदार्थविज्ञान आठवू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचं अर्धं. मी आणि माझी सायकल मिळून ऐंशी किलो धरा, वेग ताशी १५ किलोमीटर. उत्तर येतं सुमारे ७०० ज्यूल. मोटारसायकल स्वारासकट १८० किलो आणि वेग ताशी ४५ धरला, तर १४,००० ज्यूल. म्हणजे वीसपट. बाराशे किलोची मोटार ताशी ५० ने आली, तर एक लाखाच्या वर, म्हणजे माझ्या दीडशेपटीहून जास्त. वजन वाढतं ते वाढतंच, पण खरी करामत त्या वर्गाची.

हा हिशेब मी पूर्वी मित्रांना मोठ्या उत्साहाने ऐकवायचो. सायकल किती निरुपद्रवी, हे सिद्ध करायला. त्या सकाळनंतर उरलेलं अर्धं गणितही केलं. पासष्ट किलोचा माणूस उभ्या जागी नुसता खाली पडला, तरी त्याच्या पडण्यातच साधारण साडेपाचशे ते सहाशे ज्यूल असतात. म्हणजे सायकलवाल्याला जोरात आदळायची गरजच नसते. त्याने समोरच्याला फक्त पाडायचं असतं, पुढचं काम जमीन करते. पंचविशीतला मुलगा कपडे झटकून उठतो. शहात्तर वर्षांच्या माणसाचं मनगट मोडतं, नाहीतर खुबा. काकांचं मनगट मोडलं. खुबा असता तर मी आज हे भाषण द्यायला बसलो नसतो.

तेव्हा सायकलची धडक किरकोळ असते, असं मी म्हणणार नाही. किरकोळ की गंभीर, ते ज्याला धडक बसली त्याच्या वयावर ठरतं, आणि रस्त्यात उतरताना ते वय सायकलवाल्याला दिसत नाही.

तरीही आकड्यांचा आकार विसरून चालत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत पायी चालणारे ३२ हजारांहून अधिक, म्हणजे रोज जवळजवळ नव्वद. आणि सायकलवर असलेले ४,८०० च्या वर, म्हणजे रोज तेरा. चालणारा आणि सायकलवाला रस्त्यात एकमेकांवर ओरडत असतात, पण अहवालात दोघं एकाच पानावर असतात, मरणाऱ्यांच्या.

हे भांडण पूर्वी असं नव्हतं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हाच्या गोष्टी मी वडिलांकडून ऐकल्या आहेत. सायकलला महापालिकेचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असाल, तर हवालदार थांबवायचा आणि चाकातली हवा सोडायचा. या शिक्षेत दंडापेक्षा पायपीट जास्त. धडकाही होत असणार. इतक्या सायकली, तेवढेच अरुंद रस्ते. पण जो धडकला तोही सायकलवाला आणि ज्याला धडकला त्याचीही सायकल घरच्या जिन्याखाली उभी. आज चालताना चूक त्याची, उद्या माझी, असा तो मामला होता.

आज सायकलवर कोण दिसतं? एक तर रात्रपाळी करून घरी निघालेला वॉचमन, नाहीतर हेल्मेट-गॉगल लावून सिंहगडाच्या पायथ्याला निघालेला हौशी स्वार, ज्याच्या सायकलच्या किमतीत वॉचमनचं काही महिन्यांचं घर चालेल. दोघांपैकी कुणीच आपल्याला 'आपलं' वाटत नाही. आणि दोघांना वागणूकही सारखी मिळत नाही. त्या सकाळी जमलेली माणसं मला रागावली, पण 'अहो' म्हणून रागावली. माझ्या जागी वॉचमन असता, तर विचारपूस नंतर झाली असती, आधी कानाखाली बसली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दुसऱ्या एका चौकात.

आणखी एक गोष्ट कानाची. आपण आपल्याकडे रस्ता डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त ओलांडतो. गर्दीच्या रस्त्यावर चालणाऱ्या कुणाकडेही नीट बघा. मान समोर, लक्ष कानात. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे मागे कुणी नाही, हे आपण लहानपणी शिकलेलं असतं. सायकल नेमकी या गृहीताखालून येते. दचकवते ती. आणि दचकलेला माणूस लागलेल्या माणसापेक्षा जास्त चिडतो. आता तर बिनआवाजाच्या ई-बाईक आल्या आहेत. त्यांतल्या अडीचशे वॉटहून कमी मोटरच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या वाहनांना नियमांनुसार मोटार वाहन धरत नाहीत. म्हणून त्यांना नंबर नाही, चालवणाऱ्याला लायसन नाही. पाठीवर खाण्याच्या पार्सलची पेटी घेतलेली मुलं ती घेऊन फुटपाथवरनं जातात. त्याचं खापर मात्र पॅडल मारणाऱ्यावर फुटतं, कारण नावात 'बाईक' असली तरी बघणाऱ्याला ती सायकलच वाटते.

असं फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. लंडनमध्ये २०१६ साली एका तरुणाच्या सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी चव्वेचाळीस वर्षांची एक बाई गेली. सायकलला पुढचा ब्रेक नव्हता. ती शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या जातीची होती. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली, ती १८६१ सालच्या कायद्याखाली. 'बेफाम हाकण्या'चं ते कलम घोडागाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. आज आपण जिला सायकल म्हणतो ती तेव्हा जन्मालाही आली नव्हती. सायकल ही 'गाडी' आहे की नाही, यावर १८७९ साली तिथल्या न्यायालयाला खल करावा लागला होता. १८८८ मध्ये कायद्यानेच तिला गाडी ठरवलं आणि पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवणं सक्तीचं केलं. काकांनी हे ऐकलं असतं तर त्यांना आनंद झाला असता.

पुढे २०२२ मध्ये लंडनच्याच रीजंट्स पार्कमध्ये एक्याऐंशी वर्षांच्या एका बाईंना धडक बसली. सायकलवाले घोळक्याने फेऱ्या मारत होते, ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने. रस्त्याची मर्यादा होती साधारण ३२. पण ती मर्यादा सायकलला लागूच नव्हती, आणि गुन्हा दाखल झाला नाही. दोन वर्षांनी चौकशीत हे बाहेर आलं आणि देशभर गदारोळ झाला. मे २०२४ मध्ये अशा सायकलवाल्यांसाठी वेगळा गुन्हा ठरवणारी दुरुस्ती संसदेत आली, आणि लगेच निवडणूक जाहीर झाल्याने तेव्हापुरती बारगळलीही.

गेलेल्या माणसाच्या घरच्यांचा राग मला पूर्ण पटतो. त्यांना न्याय मागायलासुद्धा दीडशे वर्षांपूर्वीचं घोडागाडीचं कलम वापरावं लागलं. पण त्याच देशात वर्षाला चारशेच्या आसपास पादचारी रस्त्यावर जातात आणि त्यांतले सायकलच्या धडकेने जाणारे एक आकडी असतात. त्या उरलेल्यांतल्या किती जणांची बातमी पहिल्या पानावर आली? जे रोज घडतं त्याची बातमी होत नाही. बातमी होत नाही म्हणून ते दिसत नाही. आणि जे क्वचित घडतं ते बातमीमुळे रोजचं वाटू लागतं.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कागदावर तरी स्पष्ट आहे. बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम, पूर्वीच्या दंड संहितेत २७९ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत २८१, कोणत्याही वाहनाला लागू होतं, सायकलही त्यात येते. अडचण दुसरीकडे आहे. मोटारीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, धडक बसली तर भरपाई मागायला न्यायाधिकरण आहे. सायकलवाल्याने पाडलं तर यातलं काहीच नाही. जे काही मिळायचं ते त्याच्या खिशातून आणि त्याच्या सद्बुद्धीतून. वॉचमनच्या खिशात काय असणार?

राहिला सायकल ट्रॅक. पुण्याने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधीही काही रस्त्यांच्या कडेने ट्रॅक झाले होते. त्यांतल्या एकावर मी रोज जातो. शंभर पावलं ट्रॅक, मग विजेचा डीपी, मग उभ्या केलेल्या दुचाक्या, मग पुन्हा ट्रॅक. शेजारच्या फुटपाथवर टपऱ्या असल्याने चालणारे ट्रॅकवर आलेले असतात. मी घंटी वाजवतो. ते वळून बघतात, त्या बघण्यात "आता आम्ही जायचं कुठे?" एवढंच असतं. मी खाली रस्त्यावर उतरतो. तिथे मागून हॉर्न येतो.

तर काका. सहा आठवडे प्लास्टर होतं. दवाखान्याचे पैसे मी दिले. ते नको म्हणाले नाहीत आणि मला ते आवडलं. एका हाताने पिशव्या आणायला जमेना, म्हणून रोज सकाळी दूध पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. दार उघडून पिशव्या घ्यायच्या आधी ते एकच प्रश्न विचारायचे, "कोणत्या बाजूने आलात?" मी सांगायचो, वळसा घालून, योग्य बाजूने. ते मान हलवायचे.

चौथ्या आठवड्यात एकदा उशीर झाला होता. दूध दिलं. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "वळसा घालून, काका."

काकांनी पिशव्या आत काकूंकडे दिल्या आणि म्हणाले, "खिडकीतून दिसतं हो सगळं."

नमस्कार.