समोरच्या बाकावरचं माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांशी आज मला बोलायचं आहे. कामासाठी, शिक्षणासाठी, कुणाच्या आजारपणामुळे किंवा नुसतं जावंसं वाटलं म्हणून जे एकटे निघतात, त्यांच्याशी. गेली बरीच वर्षं मीही अशीच एकटी फिरते. सामान कसं भरावं, तिकीट कधी काढावं हे सांगणारे पुष्कळ भेटले. समोर बसलेल्या अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य कसं बोलावं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मलाच शिकावं लागलं आणि शिकायला फार वेळ लागला.

गाडी सुटते. समोर कुणीतरी बसलेलं असतं. एकदा नजरानजर होते, मग तो खिडकीबाहेर बघायला लागतो, आपण फोन काढतो. आठ तास असेच जातात. उतरायची वेळ आली की तो म्हणतो, "तेवढी बॅग सरकवता का?" आणि त्या एवढ्याशा वाक्याच्या सुरावरून कळतं, अरे, हा तर किती मनमोकळा माणूस होता. आपण मात्र आठ तास धरून चाललो होतो की याला बोलायचं नसणार. आणि त्यानेही आपल्याबद्दल अगदी तेच धरलेलं असतं. दोघंही एकमेकांची वाट बघत गप्प बसलेले असतात. म्हणून मी म्हणते, सुरुवात आपण करावी.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून सांगत नाही. निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांनी शिकागोमध्ये रोज रेल्वेने आणि बसने कामावर जाणाऱ्या लोकांवर काही प्रयोग केले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. काही प्रवाशांना सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, कुणाशी न बोलता स्वतःपुरते बसा. उरलेल्यांना सांगितलं, रोज करता तेच करा. जे बोलले, त्यांचा प्रवास सगळ्यात सुखाचा झाला. मग दुसऱ्या काही प्रवाशांना हे तिन्ही प्रकार नुसते ऐकवले आणि विचारलं, तुम्हाला यातला कुठला प्रवास आवडेल? त्यांचं उत्तर नेमकं उलटं आलं. एकटं बसणंच बरं, असं त्यांना वाटलं. कारण समोरच्याला आपल्याशी बोलण्यात रस नसणार, ही खात्री.

शिकागोतली माणसं बोलकी असतील, असं कुणी म्हणेल. म्हणून पुढे हाच प्रयोग लंडनच्या गाड्यांमध्येही झाला. तिथे प्रवासात अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही, असा लौकिक आहे. तरी निष्कर्ष तोच आला.

मग आपण गप्प का राहतो? गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली एक फार बारीक निरीक्षण नोंदवलं. सार्वजनिक जागी माणसं एकमेकांकडे एकदा बघतात आणि लगेच नजर काढून घेतात. 'तुम्ही इथे आहात हे मला दिसलं, आणि मी तुम्हाला त्रास देणार नाही,' असं त्या नजरेचं सांगणं असतं. ही एक सभ्यता आहे. मला हे समजलं तेव्हा कितीतरी जुन्या प्रवासांकडे मी नव्याने बघितलं. मान फिरवून बसलेली ती सगळी माणसं मला तुसडी वाटली होती. ती फक्त माझा मान राखत होती.

आता पहिलं वाक्य. ते साधं असावं, आणि दोघांच्याही समोर असलेल्या गोष्टीबद्दल असावं. गाडी का थांबली असेल, ही खिडकी बंद होते का, बाहेर तो केवढा पाऊस. नाव, गाव, नोकरी, लग्न हे विषय पहिल्या वाक्यात आले की चौकशी केल्यासारखं वाटतं. पाऊस मात्र दोघांचाही असतो. त्यावर समोरच्याने नुसतं "हो" म्हटलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं, तर आपणही खुशाल बाहेर बघावं. आपला अपमान झाला, असं मनात आणू नये. त्याला वाचायचं आहे, एवढंच.

वेळ मात्र बघावी. एकदा माझ्या समोर एक बाई विणत बसल्या होत्या. पिवळ्या लोकरीचा लहान मोजा होता, बोटाएवढा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "किती नाजूक आहे!" त्यांनी वर न बघता डाव्या हाताचं एक बोट उभं केलं. ओठ हलत होते. मी गप्प झाले आणि मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. सुई शेवटच्या टाक्यापर्यंत गेली, ओळ संपली, त्यांनी सुई उलटी केली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टाके मोजत होते हो. आता बोला." पुढचे दोन तास आम्ही बोलत होतो, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या थांबत. तेव्हापासून मी आधी माणसाचे हात बघते. हात कशात गुंतले आहेत, ते मोकळे कधी होतील, हे बघून मग तोंड उघडते.

सुरुवात झाली की पुढे काय, असं पुष्कळजण विचारतात. पुढे ऐकायचं. समोरच्याने जे सांगितलं त्यातलाच धागा पकडून पुढचं विचारायचं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ साली हेच दाखवलं. मागच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात, कारण आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय हे त्याला कळतं. पण नुसते प्रश्नच विचारत सुटू नये. मी ती चूक केली आहे. एका तरुण मुलीला मी लागोपाठ पाच-सहा प्रश्न विचारले. कुठे निघालीस, काय शिकतेस, राहतेस कुठे, एकटीच का. तिची उत्तरं आखूड होत गेली आणि शेवटी तिने बॅग मांडीवर घेऊन घट्ट धरली. ती बॅग मी अजून विसरलेले नाही. मी स्वतःबद्दल एक अक्षर न सांगता तिच्याकडून सगळं काढून घेऊ पाहत होते. घाबरली ती, आणि तिचं काहीच चुकलं नाही.

इथे एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी थोडं थांबते. बोलावं, जरूर बोलावं, पण मुक्काम कुठे आहे, कुणी घ्यायला येणार आहे की नाही, किती दिवस एकट्या आहोत, हे सांगू नये. आडून आडून तेच विचारणाऱ्यापासून उठून दुसरीकडे बसावं. त्यासाठी कारण द्यायची गरज नसते. चार माणसं दिसतील अशा ठिकाणीच गप्पा माराव्यात. आणि पोटात काहीतरी खटकलं तर सभ्यपणा बाजूला ठेवावा. पुरुष श्रोत्यांनाही माझी मनापासून विनंती आहे. एकट्या बाईशी बोलताना तिची वाट अडेल असं बसू नका, आणि तिने एकदा हेडफोन कानाला लावले की तो विषय तिथेच संपला असं समजा.

परक्या भाषेच्या मुलखात गेलात तर एक गोष्ट हमखास उपयोगी पडते. समोरच्या वस्तूकडे बोट दाखवून, याला तुमच्याकडे काय म्हणतात, असं खुणेने विचारा. आपली भाषा दुसऱ्याला शिकवताना माणूस खुलतो. आपण शब्द चुकीचा उच्चारला की तर आणखीच.

आणि आता ज्यांच्यामुळे हा विषय मला इतका जवळचा वाटतो, त्या गृहस्थांबद्दल सांगते.

रात्रीची गाडी होती. मला झोप येत नव्हती. समोरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ खिडकीच्या चौकटीवर तळहात पालथा ठेवून बसले होते. डोळे मिटलेले, पण झोपलेले नव्हते. मी बराच वेळ बघत राहिले. शेवटी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" ते म्हणाले, "छे छे, ताई. लाइन ऐकतोय." त्यांचा जन्म रुळांच्या देखभालीत गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाडीत बसलं की हात आपोआप चौकटीवर जातो, म्हणाले.

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. पूर्वी गाडीचा तो ठेक्यातला खडखडाट यायचा, तो रुळांच्या सांध्यांचा. उन्हात लोखंड वाढतं, म्हणून दोन रुळांच्या मध्ये फट ठेवावी लागे, आणि प्रत्येक चाक त्या फटीवरून उडी मारून जाई. आता रूळ वेल्डिंग करून लांबच्या लांब जोडतात, म्हणून गाडी इतकी शांत धावते. कडाक्याच्या थंडीत रूळ आखडतो आणि त्याला तडा जाऊ शकतो, म्हणून पहाटेची गस्त सगळ्यात महत्त्वाची. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या हातोडीने ठोकत जायचं. चावी घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सैल असेल तर बद्द. "अंधारात डोळ्यांपेक्षा कानच खरे," ते म्हणाले. बोलता बोलता मध्येच थांबले, तळहात पुन्हा चौकटीवर टेकवला आणि म्हणाले, "तुम्ही पण ठेवा हात." मी ठेवला. "आता येतील बघा." दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मग खालून एकदम खडाड् खडाड् असा आवाज आला आणि हाताला तो अगदी कोपरापर्यंत जाणवला. "सांधे बदलले, म्हणजे गाडीने रूळ बदलला. स्टेशन आलं." आणि खरंच, बाहेर एकेक दिवा दिसू लागला.

पहाटे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एका रात्री गस्तीवर असताना त्यांच्याकडून काय राहून गेलं, ते. ते मी इथे सांगणार नाही, कारण ते त्यांचं आहे. घरी हे कधी बोललो नाही, असं ते म्हणाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०८ साली लिहून ठेवलं आहे की जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी माणसं परक्यापाशी बोलतात. ते वाचलं तेव्हा मला त्या पहाटेचे काका आठवले. मी उद्या त्यांच्या घरी येणार नव्हते, त्यांच्याकडे बघताना माझ्या डोळ्यांत ती गोष्ट त्यांना पुन्हा दिसणार नव्हती. असं काही ऐकायला मिळालं तर त्यावर सल्ला देऊ नये. मी फक्त ऐकलं, आणि ते ऐकलेलं मी जपलं आहे.

त्यांचं स्टेशन आधी आलं. आम्ही नावंही विचारली नव्हती. ते उतरल्यावर माझ्या मनात आलं, आपण जरा जास्तच विचारलं का, त्यांना कंटाळा आला असेल का? तुम्हालाही अशा गप्पांनंतर असं वाटत असेल तर हे ऐका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की पहिल्यांदा भेटून बोललेली माणसं, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज कमीच बांधतात. खरं तर समोरच्याला आपण त्याहून जास्त आवडलेले असतो. दोन्ही बाजूंनी हेच होत असतं. म्हणून आता मी त्या शंकेला फार थारा देत नाही.

त्यानंतर मी शेकडो वेळा गाडीत बसले. अजूनही रात्री हात चौकटीवर जातो. खालून तो खडाड् आवाज आला, बाहेर पहिला दिवा दिसला, की मी समोरच्या बाकावर जे कुणी असेल त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "स्टेशन आलं वाटतं."

बहुतेक वेळा समोरचं माणूस विचारतं, "तुम्हाला कसं कळलं?"